एकवर काहीच नाही

ती तबकडी मला तीन डॉलरच्या खोक्यात सापडली. कॅन्सस सिटीच्या वेस्टपोर्ट भागात जुन्या रेकॉर्डचं एक दुकान होतं. आत शिरलं की ओल्या पुठ्ठ्याचा वास यायचा आणि मागे कुठेतरी हीटर घरघरत असायचा. चांगला माल टेबलांवर, अकारविल्हे लावलेला. उरलेला जमिनीवर, खोक्यांत. त्यातल्या एका खोक्यावर काळ्या मार्करनं 'लोकल' असं लिहिलेलं होतं, आणि गुडघे टेकून बसल्याशिवाय त्यात हात जात नव्हता.

२००९ चा मार्च महिना. जानेवारीत मी कॅन्सस सिटीलगतच्या ओव्हरलँड पार्कला एका टेलिफोन कंपनीच्या बिलिंग प्रोजेक्टवर येऊन पडलो होतो. बर्फ अजून वितळलं नव्हतं, गाडी चालवायची भीती गेली नव्हती आणि शनिवार-रविवार खायला उठायचे. म्हणून मिळेल त्याच्या गाडीत बसून मिळेल तिकडे जायचो. त्या दिवशी बरोबरच्याला बूट घ्यायचे होते.

'लोकल' खोक्यात चर्चची समूहगाणी होती, कुठल्याशा हायस्कूलच्या बँडची तबकडी होती, एक पोल्का होता. आणि मग 'ब्लू रिडिम बँड'. खाली नाव, 'अलाइव्ह इन जमैका'. मला वाटलं, कुणीतरी चुकून या खोक्यात टाकली. जमैकाची रेकॉर्ड लोकल कशी? दुकानदाराला विचारलं तर त्यानं मान वर न करता सांगितलं, "बँड इथला आहे. वाजवलंय तिथं."

नावातला विनोद मला सोमवारी ऑफिसात कळला. अमेरिकेच्या मधल्या भागातल्या कुठल्याही बारमध्ये निळ्या रिबिनीची एक स्वस्त बिअर मिळते. रिबनच्या जागी रिडिम, म्हणजे जमैकन तोंडातला 'रिदम'. पार गावठी कोटी, आपल्याकडच्या गणेश मंडळाच्या टी-शर्टवर शोभावी अशी. तिथेच मला हे लोक आवडायला लागले होते, अजून एक सूरही ऐकला नव्हता तरी.

तबकडी ऐकायला दोन आठवडे गेले, कारण प्लेयर नव्हता. शेवटी शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका म्हाताऱ्या बाईंनी गराज सेलमध्ये पंधरा डॉलरला दिला, वर सुई कशी पुसायची तेही दाखवलं. रात्री फ्लॅटमध्ये गालिच्यावर बसून लावली. आधी गर्दीचा आवाज आला. मग ड्रम. मी सवयीनं मांडीवर बोटं मोजायला लागलो. एक, दोन, तीन, चार. एकवर बोट पडलं आणि खाली काहीच नव्हतं.

हे जरा नीट सांगायला हवं. मी मिरजेचा. मिरजेत लहानपणी तबला शिकायला जाणं म्हणजे दुसऱ्या गावात पोहायला जाण्यासारखं आहे, बुडाला तरी चालेल पण जाऊन यायचं. मी सहा वर्षं गेलो आणि दहावीला सोडलं. त्या सहा वर्षांत गुरुजींनी जे काही डोक्यात ठोकून बसवलं त्यात पहिलं एकच होतं, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. कुठेही भटक, काहीही कर, समेवर ये. गाणारा भटकून आला आणि नेमका समेवर उतरला की श्रोत्यांची मान आपोआप हलते. आपल्या सगळ्या संगीताचं वजन त्या एका मात्रेवर ठेवलेलं असतं. बाकीच्या मात्रा म्हणजे तिथं पोचायचा रस्ता.

आणि हे लोक ती मात्राच सोडून देत होते. चार मोजा: एकवर शांतता, दोनवर गिटारची छोटी, कोरडी टिचकी, तीनवर बेस ड्रम आणि कडेवर मारलेली काठी दोन्ही एकदम, चारवर पुन्हा गिटारची टिचकी. बेस गिटार मधून, जणू शेजारच्या खोलीतून, वेगळंच काही बोलत होती. जमैकाच्या रेगे नावाच्या संगीतात याला 'वन ड्रॉप' म्हणतात, हे नंतर कळलं. बॉब मार्लीच्या वेलर्स बँडचा ड्रमर कार्लटन बॅरेट याच्या हातून हा ठेका जगभर गेला. पण त्या रात्री माझ्यापुरतं एवढंच, की जिथं पाय टेकायचा तिथं पायरी नव्हती. पोटात खड्डा पडतो तसं झालं. आणि मग, चार-पाच आवर्तनांनंतर, त्या खड्ड्याचीच चटक लागली.

मला रूपक आठवला. तीं तीं ना, धी ना, धी ना. सात मात्रांचा ताल, आणि त्याची सम खालीवर येते. तिथं टाळी द्यायची नाही, हात उलटा करून हवेत सोडायचा. लहानपणी ते मला फार अन्यायाचं वाटायचं, सगळ्यात महत्त्वाच्या जागी टाळीच नाही! तो हवेत सोडलेला हात मला कॅन्ससच्या बर्फात, एका गोऱ्या ड्रमरच्या वाजवण्यात सापडला, असं वाटून मी त्या रात्री फार खूश होतो. ही तुलना कितपत टिकते ते पुढे येईलच.

त्या ड्रमरचं नाव स्टीव्ह मॅकलेन. सगळे त्याला 'डक' म्हणतात. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तो आणि त्याचे मित्र मिळून हे वाजवायला लागले, आणि गिटार घेऊन गाणारा बॉब झोन त्यांच्यातलाच. कॅन्सस सिटी नकाशावर बघा. अमेरिकेच्या जवळजवळ पोटात आहे ती. समुद्र बघायचा तर सरळ दक्षिणेला हजार किलोमीटरहून जास्त जावं लागतं. चारी बाजूंना गहू, मका, गुरं. तिथं त्या काळी जमैकन रेकॉर्ड मिळणं म्हणजे मिरजेत ताजी सुरमई मिळण्यासारखं. मिळेल, पण वास घेऊन बघावी लागेल. रेडिओवर वाजत नाही, गावात शिकवणारं कुणी नाही. तबकड्या मागवायच्या, सुई पुन्हा पुन्हा मागे न्यायची, बेस काय करतोय, ऑर्गन काय करतोय, हे वेगळं वेगळं काढायचं. असं काढणाऱ्यांना एक फायदा होतो, त्यांना सोपा रस्ता माहीतच नसतो. या लोकांनी मार्लीपासून सुरुवात करून तिथंच थांबायच्या ऐवजी मागे जाऊन साठच्या दशकातलं, रेगेच्या आधीचं स्का आणि रॉकस्टेडी धुंडाळलं. १९८१ मध्ये शिकागोच्या फ्लाइंग फिश या कंपनीनं त्यांची 'रेस्टलेस स्पिरिट' काढली. ही कंपनी मुख्यतः लोकसंगीत आणि ब्लूग्रास काढणारी. बँजोवाल्यांच्या कॅटलॉगमध्ये एक रेगे बँड.

पण हे सगळं आकाशातून पडलं असंही नाही, आणि हे समजायला मला त्या गावात वर्षभर राहावं लागलं.

कॅन्सस सिटी हे जॅझचं गाव. चार्ली पार्करचा जन्म १९२० मध्ये इथलाच, नदीपलीकडच्या कॅन्सस बाजूचा. काउंट बेसी मूळ न्यू जर्सीचा, पण फिरत्या कंपनीबरोबर येऊन इथं अडकला आणि इथंच बेसी झाला. दारूबंदीच्या काळात सगळी अमेरिका कोरडी असताना इथे टॉम पेंडरगास्ट नावाच्या पुढाऱ्याच्या कृपेनं क्लब रात्रभर उघडे असत. (पुढे १९३९ मध्ये त्याला आयकर बुडवल्याबद्दल आत टाकलं. पुढाऱ्यांच्या गोष्टी सगळीकडे सारख्या, शेवट तेवढा वेगळा.) एटीन्थ आणि व्हाइन या दोन रस्त्यांच्या परिसरात पहाटेपर्यंत वाजवणं चाले. लिहिलेलं संगीत कमी. एकानं छोटा तुकडा काढायचा, बाकीच्यांनी तो उचलायचा, त्यावर दुसऱ्यानं आपलं सांगायचं.

तिथं हायलँड अव्हेन्यूवर एक दुमजली इमारत आहे, म्युच्युअल म्युझिशियन्स फाउंडेशनची. वादकांच्या युनियन त्या काळी कातडीच्या रंगावरून वेगळ्या असत. कृष्णवर्णीय वादकांची ती लोकल ६२७. तिच्या घरात अजूनही शनिवारी मध्यरात्रीनंतर जॅम चालतं. मी एकदाच गेलो, रात्री दीडला. खाली बार, भिंतीवर फोटोच फोटो. वर जायचा जिना अरुंद. एक साठीचा माणूस कोटाच्या आतल्या खिशात ड्रमच्या काठ्या घालून भिंतीला टेकून उभा होता, आपली पाळी यायची वाट बघत. दोन तास उभा होता. पाळी आली तेव्हा त्यानं एकच गाणं वाजवलं, टोपी घातली आणि गेला. मला मिरजेच्या दर्ग्यातल्या उरुसाची आठवण झाली. तिथंही असेच लोक पहाटेपर्यंत एका भजनाच्या, एका ठुमरीच्या पाळीसाठी बसलेले असतात.

आता गंमत अशी. या गावातून, मेम्फिसमधून, न्यू ऑर्लिन्समधून जी नाचायची, उड्या मारत चालणारी काळ्या लोकांची गाणी चाळीस-पन्नासच्या दशकांत निघाली, ती जमैकात पोचली. मायामी आणि न्यू ऑर्लिन्सची रेडिओ स्टेशनं रात्री हवा चांगली असली की किंग्स्टनला लागत. शेतमजुरीला अमेरिकेत गेलेले लोक परत येताना रेकॉर्ड आणत. पुढे जमैकन संगीताचा मोठा निर्माता झालेला कॉक्सन डॉड त्यांच्यापैकीच. परत आल्यावर त्यानं मोठमोठे स्पीकर रस्त्यात लावून लोकांना नाचवायला सुरुवात केली. याला ते 'साउंड सिस्टिम' म्हणतात. आपल्या डीजेचे पूर्वज, फक्त कानांना सुसह्य. प्रत्येक साउंड सिस्टिमवाल्याची धडपड एकच, शेजारच्याकडे नसलेली तबकडी आपल्याकडे हवी. मग तबकडीवरचं लेबल खरवडून टाकायचं, गाण्याला खोटं नाव द्यायचं, म्हणजे शेजारच्याला ती शोधताच येऊ नये. हे वाचलं तेव्हा मी एकटाच हसलो. आपल्याकडे बंदिशीचे शब्द मुद्दाम तोंडातल्या तोंडात गाणारे, अंतरा लपवून ठेवणारे, आडोशाला कुणी ऐकतंय का हे बघणारे उस्ताद काय वेगळं करत होते?

मग अमेरिकेत रॉक अँड रोल आलं आणि जमैकनांना हवी तशी गाणी तिकडून येईनाशी झाली. तेव्हा त्यांनी स्वतःच वाजवायला घेतली. अमेरिकन ठेक्यातला मागचा, उलटा झोका त्यांनी पुढे काढला आणि त्यावरच जोर दिला. ते झालं स्का. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला तो याच ठेक्यावर नाचत. १९६६ च्या सुमाराला लय संथ झाली, रॉकस्टेडी झालं. १९६८ पर्यंत रेगे. लय जसजशी संथ होत गेली तसतशी मधली जागा वाढत गेली आणि शेवटी पहिली मात्रा रिकामी राहिली.

म्हणजे कॅन्सस सिटीची ही पोरं जे शिकत होती ते त्यांच्याच गावच्या आसपासचं, दुसऱ्या घरी वाढून आलेलं. त्यांच्या बँडमध्ये ट्रंपेट-सॅक्सोफोन होते आणि ते जमैकन वाजत होते की कॅन्सस सिटीचे, हे मला तबकडी शंभरदा ऐकूनही ठरवता आलेलं नाही. तुम्हाला येतं का बघा.

१९८२. मार्ली जाऊन वर्ष उलटलं होतं. तो मायामीच्या हॉस्पिटलात ११ मे १९८१ रोजी गेला, छत्तीस वर्षांचा. जमैकातल्या मॉन्टेगो बेला १९७८ मध्ये 'रेगे सनस्प्लॅश' सुरू झालं होतं. आपल्या सवाईसारखं म्हणा, पण मोकळ्या मैदानात आणि सूर्य उगवेपर्यंत. त्या वर्षी ते जॅरेट पार्क या मैदानात होतं. आणि त्या मंचावर ब्लू रिडिम बँड चढला. अमेरिकेतून सनस्प्लॅशला आलेला पहिला रेगे बँड. गोरी पोरं, गव्हाच्या पोटातून आलेली, जमैकन लोकांना त्यांचंच संगीत वाजवून दाखवणार.

मी स्वतःला तिथं उभं करून बघतो आणि माझे हात गार पडतात. किराणा घराणं हे नाव ज्या गावावरून पडलं ते कैराना उत्तर प्रदेशात. आपला किराणा दुकानातला नव्हे. तिथून आलेले अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थिरावले आणि १९३७ मध्ये गेल्यावर मिरजेतच पुरले गेले. आता समजा, स्वीडनहून चार मुलं आली आणि दर्ग्याच्या उरुसात, पहाटे, खाँसाहेबांच्या गावाच्या लोकांसमोर किराण्याचा ख्याल मांडायला बसली. मिरजेचा श्रोता टाळ्या वाजवील, पाहुणे म्हणून चहाही पाजील. पण मान हलवील का? मान हलवणं त्याच्या हातात नसतं.

जॅरेट पार्कमध्ये हलली. मी तिथं नव्हतो, पण तबकडी होती. अलाइव्ह इन जमैका म्हणजे त्याच कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण. पाहुण्यांसाठी वाजवलेल्या टाळ्या आणि अनपेक्षितपणे पकडले गेलेल्या लोकांचा आवाज यातला फरक तबकडीवरही कळतो. एका जागी गर्दी गाण्याच्या आधी ओरडते, म्हणजे त्यांनी ड्रमच्या उचलीवरूनच पुढचं ओळखलंय.

त्यांचं एक गाणं नॅन्सी रेगनवर होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन सपत्नीक जमैकाला येऊन गेले होते. जमैकात तेव्हा एडवर्ड सीगा यांचं सरकार, वॉशिंग्टनचं लाडकं. म्हणजे चार महिन्यांपूर्वी सरकारी विमानातून आलेल्या बाईंवरचं गाणं आता व्हॅनमधून फिरणाऱ्या त्यांच्याच देशातल्या पोरांकडे होतं. जमैकन माणसाला हे किती आवडलं असेल! घरची भानगड घरच्यांनीच सांगितली की तिची चव वेगळी असते.

यानंतर गोष्ट हिंदी सिनेमाच्या रस्त्यानं जायला हवी होती. थोडी गेलीही. ग्रॅमीनं रेगेसाठी वेगळा विभाग १९८५ मध्ये सुरू केला. पहिलं पारितोषिक ब्लॅक उहुरूला. दुसऱ्याच वर्षी, १९८६ मध्ये, नामांकनांत बर्निंग स्पिअर, ज्युडी मोवॅट, मार्लीच्या मुलांचा मेलडी मेकर्स, जिमी क्लिफ आणि कॅन्सस सिटीचा ब्लू रिडिम बँड. जिंकला जिमी क्लिफ, आणि ते बरोबरच होतं.

आणि मग काही नाही. म्हणजे वाजवणं चालू राहिलं. माणसं बदलली, काही गेली, काही परत आली. पण तबकडी तीन डॉलरच्या खोक्यात गेली.

याचं मला फार दिवस वाईट वाटायचं, आता कमी वाटतं. गावचा बँड कसा जगतो हे मी मिरजेत पाहिलेलं आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला एका ब्रास बँडवाल्यांचं घर होतं. लग्नसराईत लाल कोट, एरवी पिठाची गिरणी. त्यांच्यातला क्लॅरिनेटवाला असा वाजवायचा की वरात थांबायची आणि नवरदेव घोड्यावर घामाघूम व्हायचा. त्याला जिल्ह्याबाहेर कुणी ओळखत नव्हतं. अमेरिकेतलं गणितही फार वेगळं नाही. आठ माणसांचा बँड, त्यात ब्रासवाले. बारचा मालक जे देतो त्याचे आठ भाग करायचे, त्यातून व्हॅनचं पेट्रोल काढायचं. चारशे किलोमीटरवरच्या कॉलेजच्या गावी जाऊन रात्री दोनपर्यंत वाजवायचं आणि उजाडायच्या आत परत यायचं, कारण कुणाची तरी सकाळची नोकरी असते. तिघांचा बँड यात टिकू शकतो, आठांचा टिकला तर समजावं की त्यांना दुसरं काही करता येत नाही किंवा करायचं नाही. मोठ्या शहरात जाऊन राहिले असते तर? असतील विचार केलेले. पण न्यूयॉर्कमध्ये खरे जमैकन बँड गल्लोगल्ली होते. कॅन्सस सिटीत हे एकटेच.

आता एक प्रश्न, जो मला तिकडे एका मराठी मित्रानेच विचारला. मंडळाच्या गणपतीत ढोल-ताशाची तालीम चालू होती, एका गोडाऊनच्या पार्किंगमध्ये. मी त्याला गाडीत ही तबकडी, म्हणजे तिची मी काढलेली सीडी, ऐकवली. तो म्हणाला, "छान आहे. पण हे चोरलेलंच ना रे? काळ्यांचं."

मी लगेच उत्तर दिलं नाही, आणि अजूनही मला दोन तोंडांनीच बोलावं लागतं.

एक तोंड म्हणतं, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी काय केलं? ख्याल महाराष्ट्राचा नव्हता. बुवा ग्वाल्हेरला गेले, वासुदेवबुवा जोशींच्या घरी राहून, पडेल ते काम करून शिकले आणि ती गायकी घेऊन आमच्या भागात परत आले. मिरजेतच त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुसकर शिकले आणि त्या एका धाग्यावर पुढचं केवढं वस्त्र विणलं गेलं. आज कुणी म्हणतं का ख्याल चोरला म्हणून? आणि मुंबईत, ताजमहाल हॉटेलात, गोव्याचे ख्रिस्ती वादक तीस-चाळीसच्या दशकांत जॅझ वाजवत होतेच की. चिक चॉकलेट नावानं गाजलेले अँटोनियो झेवियर वाझ यांना लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. त्यांचा ट्रंपेट पुढे आपल्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांत आला आणि आपल्या आज्या तो ऐकत पोळ्या लाटत राहिल्या. जमैकनांनाही रिडिम वाटून घ्यायची सवय आहे. एकच ठेका आणि बेसची ओळ, त्यावर शंभर गायक वेगवेगळी गाणी म्हणतात. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच गाण्याचं नाव छापलेलं असे, तसंच. कुणाला त्यात चोरी वाटत नव्हती.

दुसरं तोंड २०२२ मध्ये उघडलं. तोवर मी पुण्याला परत आलो होतो. त्या वर्षीचं रेगेचं ग्रॅमी व्हर्जिनियाच्या सोजा या बँडला मिळालं. चांगला बँड आहे, आर्लिंग्टनच्या शाळूसोबत्यांनी सुरू केलेला. पण त्या वर्षीच्या बाकीच्या नामांकनांत शॉन पॉल होता, स्पाइस होती, एटाना, जेसी रॉयल, ग्रॅम्प्स मॉर्गन, म्हणजे जमैकाचंच घराणं. जमैकात लोक संतापले. मला तो संताप पटला, सोजाच्या लोकांनी काही वाईट केलं नव्हतं तरी. बाळकृष्णबुवा ग्वाल्हेरहून परत आले ते हातात तानपुरा घेऊन. कमिटी, मतदार, पैसा आणि बाजार त्यांच्या मागे नव्हता. इथे शिकणारा आणि पारितोषिक वाटणारा एकाच देशाचे, आणि ज्याच्याकडून शिकलं तो व्हिसाच्या रांगेत. माझा मित्र ज्याला चोरी म्हणत होता ती इथं कुठंतरी असावी, वाजवण्यात नसावी. पण ही विभागणीसुद्धा मला सोयीची आहे म्हणून मी करतोय का, हे मला रात्री कधी कधी वाटतं. मला ती तबकडी आवडते, म्हणून.

एवढं मात्र खरं, की ब्लू रिडिमवाल्यांनी आपलं वाजवणं आधी त्यांच्यापुढे नेलं, ज्यांना ते सगळ्यात जास्त कळत होतं. बाकीचं ग्रॅमी वगैरे नंतर.

गेल्या दिवाळीत मिरजेला गेलो होतो. ब्राह्मणपुरीत गुरुजींच्या घरी गेलो. वय ऐंशीच्या पुढे, कान शाबूत, गुडघे गेलेले. आता तबला फक्त दसऱ्याला बाहेर निघतो. मी फोन काढला, त्यांच्यासमोर लोडाला टेकवून ठेवला आणि त्या गर्दीच्या आवाजापासून लावलं.

ते डोळे मिटून ऐकत होते. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर. मी वाट बघत होतो आणि मग राहवेना म्हणून माझा सिद्धान्त सांगून टाकला, पंधरा वर्षं जपलेला. रूपक, खाली, हवेत सोडलेला हात.

"काही संबंध नाही," गुरुजी म्हणाले. डोळे मिटलेलेच. "रूपकाच्या सात मात्रा. समेवर तीं वाजतं की. वाजत नाही होय? खाली म्हणजे रिकामं नव्हे, लेका. डग्गा उचलतो आपण, हात नाही उचलत. सहा वर्षं काय शिकलास?"

मी गप्प बसलो. आतून काकूंनी चिवडा आणला. गाणं संपलं. गुरुजींनी डोळे उघडले.

"हे वेगळंच आहे. परत लाव."

परत लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना ते पुढे झुकले.

"तिसऱ्या मात्रेला ते टक् वाजतंय ते काय? लाकूड?"

"काठी आडवी धरून कडेवर मारतात."

"हं. आणि पहिलीला काहीच नाही?"

"काहीच नाही."

"डग्ग्याची खोळ काढ."

मी कोपऱ्यातून तबला-डग्गा ओढून आणले, धूळ झटकली, हातोडी सापडेना म्हणून तसेच ठेवले. गुरुजींनी मांडी घालायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग पाटावर बसून डग्गा बाजूला स्टुलावर घेतला. मी तिसऱ्यांदा लावलं. एक आवर्तन नुसतं ऐकलं त्यांनी. मग हात वर घेतला, तीनवर टाकायच्या तयारीत.

तो एकवर पडला. धप्.

"च्," गुरुजी म्हणाले आणि हाताकडे असं बघितलं, जसं कुत्र्याकडे बघतात, जे वर्षानुवर्षं सांगूनही चपला पळवतं. "थांब."

पुन्हा हात वर. पुन्हा एकवर. सत्तर वर्षांची सवय, हात समेवर जाऊनच बसत होता. तिसऱ्या वेळी त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरून ठेवलं, एक जाऊ दिला, दोन जाऊ दिला, आणि तीनवर सोडलं. लागलं. मग लगेच पुढच्या एकवर पुन्हा चुकले आणि मोठ्यानं हसले, खोकला लागेपर्यंत.

काकूंनी आतून विचारलं, "काय चाललंय?"

"ऐकत नाही गं हात," गुरुजी म्हणाले. आणि मला, "लाव परत. आवाज वाढव."